एन्टरप्राइझ अ‍ॅजाइल नियोजनाचे टूल निवडताना तुलना कशी करावी

तीनशे-चारशे जणांच्या सॉफ्टवेअर विभागासाठी अ‍ॅजाइल पद्धतीच्या (छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या) नियोजनाचे नवे टूल घ्यायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिल्याच बैठकीत एक्सेलची शीट उघडली जाते. डाव्या बाजूला वैशिष्ट्यांची यादी, वर टूलची नावे आणि प्रत्येक चौकटीत ‘आहे’ किंवा ‘नाही’. पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर असताना मीही अशी एकशे वीस ओळींची शीट तयार केली होती. विक्रेत्यांनी ती भरून पाठवली तेव्हा जवळजवळ प्रत्येक चौकटीत ‘आहे’ असेच उत्तर आले, आणि ते खोटेही नव्हते. बॅकलॉग (करायच्या कामांची यादी), बोर्ड, रोडमॅप हे आता सगळ्यांकडेच असते. टूल घेतल्यावर आठ महिन्यांनी मात्र आमच्या टीम्सचे खरे नियोजन पुन्हा एक्सेलमध्ये चालले होते आणि टूलमध्ये फक्त शुक्रवारी संध्याकाळी नोंदी भरल्या जात होत्या. एखादी सोय आहे का, एवढेच आम्ही विचारले होते. आमच्या कामाच्या ओघात ती कशी वागते, हे विचारलेच नव्हते. म्हणून इथे मांडलेली पद्धत वेगळी आहे: आपल्याच संस्थेतले एक खरे, नुकतेच पूर्ण झालेले काम निवडावे आणि ते प्रत्येक टूलमधून पहिल्या मागणीपासून रिलीजपर्यंत चालवून पाहावे.

त्याआधी, कोणतेही टूल न उघडता, आपल्या कामाची उतरंड कागदावर काढावी. सर्वांत वर व्यवसायाकडून आलेली मागणी आणि सर्वांत खाली एका डेव्हलपरने एक-दोन दिवसांत संपवायचे काम, यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीवर निर्णय कोण घेते आणि त्या पायरीवरचे काम साधारण किती काळ चालते, हे लिहून काढावे. सेफ (SAFe, मोठ्या संस्थांसाठीची अ‍ॅजाइल चौकट) पद्धतीने चालणाऱ्या संस्थांमध्ये ५० ते १२५ जणांची एक ‘ट्रेन’ (अनेक टीम्सचा गट) आठ ते बारा आठवड्यांच्या इन्क्रिमेंटचे नियोजन एकत्र बसून करते. अशा ठिकाणी स्प्रिंटच्या (साधारण दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्याच्या) वर आणखी एक लय असते आणि टूलला ती समजावी लागते. ज्यांच्याकडे चारच टीम्स आहेत आणि एकच प्रॉडक्ट ओनर सगळ्यांचा क्रम ठरवतो, त्यांना या वरच्या पायरीची गरज नसते. केवळ टूलमध्ये आहे म्हणून ती घेतली तर दर आठवड्याला कोणीतरी तिची नुसती देखभाल करीत बसतो.

उतरंडीचा हा कागद हाती घेऊन टूलकडे गेले की फरक दिसू लागतात. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये ‘अ‍ॅजाइल’ ही प्रोसेस निवडली तर एपिक, फीचर, युजर स्टोरी आणि टास्क अशा मोठ्या कामाकडून लहान कामाकडे जाणाऱ्या चार पायऱ्या मिळतात. ‘बेसिक’ निवडली तर एपिक, इश्यू आणि टास्क अशा तीनच. जिराच्या मूळ रचनेत एपिक, त्याखाली स्टोरी आणि तिच्याखाली सब-टास्क असते, आणि एपिकच्या वर पायऱ्या हव्या असतील तर महागडा प्रीमियम प्लॅन घ्यावा लागतो. रॅलीमध्ये फीचर, इनिशिएटिव्ह आणि थीम अशी पोर्टफोलिओची (अनेक टीम्सच्या एकत्रित कामाची) वेगळी उतरंड असते, शिवाय एका स्टोरीच्या पोटात दुसरी स्टोरी ठेवता येते. शब्द सारखे असले तरी अर्थ सारखे नाहीत, हे इथेच लक्षात घ्यावे: जिरामधल्या एपिकची जागा अझ्युअर डेव्हऑप्समध्ये बहुधा फीचर घेते. दोन टूलमधल्या ‘एपिक’ची संख्या शेजारी-शेजारी मांडून केलेली तुलना त्यामुळे निरर्थक ठरते.

या टूलचे स्वभाव बऱ्याच अंशी त्यांच्या जन्मातून आले आहेत. जिरा २००२ मध्ये सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने दोष नोंदवण्यासाठी बाजारात आणले. म्हणून आजही त्याची खरी ताकद टिकेट, वर्कफ्लो आणि शोध यांत आहे, तर संपूर्ण संस्थेच्या पातळीवरच्या नियोजनासाठीचे जिरा अलाइन हे २०१९ मध्ये अ‍ॅजाइलक्राफ्ट कंपनी विकत घेऊन जोडलेले वेगळे उत्पादन आहे. अझ्युअर डेव्हऑप्स हे मायक्रोसॉफ्टच्या टीम फाउंडेशन सर्व्हरचा वारस असून २०१८ मध्ये त्याला हे नाव मिळाले. कोड, बिल्ड, टेस्ट आणि वर्क आयटम (कामाच्या नोंदी) एकाच छपराखाली असणे हा त्याचा पाया आहे. रॅली मात्र सुरुवातीपासून अनेक टीम्सच्या नियोजनासाठीच बांधले गेले. ते २०१५ मध्ये सीए टेक्नॉलॉजीजकडे आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेले. मालकी बदलली की किमती, करार आणि पुढच्या सुधारणांचा वेग बदलू शकतो, म्हणून टूलइतकीच त्यामागच्या कंपनीचीही माहिती घ्यावी.

आता खरी चाचणी. मी सर्वांत आधी करून पाहतो ती अपूर्ण स्टोरीची चाचणी, कारण प्रत्येक टीममध्ये दर पंधरा दिवसांनी हे घडतेच. आठ पॉइंटांची (पॉइंट म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज) एक स्टोरी घ्यावी, तिचे निम्म्याहून अधिक काम झाले आहे असे धरावे आणि स्प्रिंट संपवावा. जिरामध्ये स्प्रिंट ‘पूर्ण’ करण्याचे बटण असते. ते दाबले की उरलेले काम पुढच्या स्प्रिंटमध्ये न्यायचे की बॅकलॉगमध्ये, असे टूल विचारते. स्टोरी तशीच्या तशी पुढे सरकते, ती कोणकोणत्या स्प्रिंटमधून गेली याची नोंद तिच्यावर राहते आणि आठही पॉइंट ती जिथे संपली त्या स्प्रिंटच्या खात्यावर पडतात. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये स्प्रिंट म्हणजे केवळ तारखांचा एक कप्पा असतो. तारीख उलटली की स्प्रिंट संपतो, पण स्टोरी जुन्याच कप्प्यात पडून राहते आणि कोणालातरी तिचा इटरेशन पाथ (ती कोणत्या स्प्रिंटमध्ये आहे हे सांगणारा रकाना) हाताने बदलावा लागतो. त्या रकान्यात एका वेळी एकच मूल्य बसत असल्याने ती आधी कुठे होती हे इतिहास उघडल्याशिवाय कळत नाही. रॅलीमध्ये ‘स्प्लिट’ची सोय आहे: मूळ स्टोरीचे दोन भाग होतात, झालेला भाग जुन्या इटरेशनमध्ये ‘अनफिनिश्ड’ म्हणून राहतो आणि उरलेला ‘कन्टिन्यूड’ या नावाने पुढे जातो.

तीन टूल, तीन उत्तरे, आणि त्यांतले कोणतेही चुकीचे नाही. पण तुमचा ग्राहक स्प्रिंटनिहाय पॉइंटांवर बिल मंजूर करीत असेल, किंवा वरिष्ठ व्यवस्थापन दर महिन्याला व्हेलॉसिटीचा (दर स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांचा) आलेख पाहत असेल, तर याच एका फरकामुळे तेच काम, तीच माणसे आणि तोच वेग असूनही आकडे वेगळे दिसतील. टूल बदलल्यावर ‘आपली गती एकदम कशी घसरली’ म्हणून बोलावलेल्या बैठकीत मी बसलो आहे. गती घसरली नव्हती, हिशेबाची रीत बदलली होती. ज्या टीमने मन लावून काम केले तिला अशा बैठकीत खुलासे द्यावे लागतात हे मला अजूनही बोचते, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते. म्हणून ही चाचणी खरेदीपूर्वी, स्क्रम मास्टरला (टीमची कामाची पद्धत सांभाळणाऱ्याला) शेजारी बसवून करावी.

दुसरी चाचणी दोन टीम्सच्या परस्परावलंबनाची. पेमेंटच्या टीमला लॉगिनच्या टीमकडून एक एपीआय (दोन प्रणालींना जोडणारा दुवा) हवा आहे, असे उदाहरण घ्यावे, दोन्ही स्टोरी जोडाव्यात आणि मग लॉगिनच्या टीमची तारीख दोन आठवडे पुढे ढकलावी. इथे दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, धोका न विचारता दिसतो का. जिराच्या ‘प्लॅन्स’मध्ये आणि अझ्युअर डेव्हऑप्सच्या ‘डिलिव्हरी प्लॅन्स’मध्ये अशा वेळी जोडणारी रेघ लाल होते, मात्र दोन्ही स्टोरींवर तारखा किंवा स्प्रिंट भरलेले असतील तरच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आणि सहसा डेमोमध्ये दाखवली न जाणारी: बदल कोणाला, केव्हा दिसतो. जिराच्या प्लॅनमध्ये केलेला बदल हा कच्चा मसुदा असतो. तो तपासून जतन करेपर्यंत टीमच्या बोर्डावर काहीच हलत नाही. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये मात्र कार्ड ओढले की वर्क आयटमच बदलतो. ‘असे केले तर काय होईल’ याची चाचपणी व्यवस्थापक वारंवार करीत असतील तर मसुद्याची सोय मोलाची आहे. पण मसुदा जतन करायला विसरणारे व्यवस्थापक असतील तर वरचे नियोजन आणि टीमचे नियोजन यांची फारकत होते, आणि ती लक्षात येईपर्यंत बराच काळ जातो.

जिराच्या बाबतीत आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा लागतो. टीमने स्वतः सांभाळायचे प्रोजेक्ट उभे करायला सोपे असतात, पण प्रत्येक टीमचे फील्ड आणि वर्कफ्लो वेगळे होत जातात. कंपनीच्या पातळीवर सांभाळलेल्या प्रोजेक्टमध्ये एकसारखेपणा राहतो, पण प्रत्येक बदलासाठी अ‍ॅडमिनकडे जावे लागते. वीस टीम्सचा एकत्रित अहवाल हवा असेल तर दुसरा मार्ग घ्यावा आणि अ‍ॅडमिनचे पद पूर्ण वेळेचे आहे हे मान्य करावे. सक्तीची फील्ड मात्र कोणत्याही टूलमध्ये मोजकीच ठेवावीत. फॉर्म लांबला की माणसे रकान्यांत पूर्णविराम टाकून पुढे जातात.

उपलब्ध मनुष्यदिवसांचा हिशेब आपल्याकडे गणपती आणि दिवाळीच्या सुमारास फार महत्त्वाचा होतो. अझ्युअर डेव्हऑप्सच्या स्प्रिंटमध्ये प्रत्येक व्यक्तीचे रोजचे तास, तिची रजा आणि संपूर्ण टीमची सुट्टी वेगवेगळी भरता येते. जिरामध्ये टीमची क्षमता प्लॅन्समध्ये मांडता येते, पण व्यक्तिनिहाय रजेसाठी बहुधा वेगळे अ‍ॅप जोडावे लागते. दिवाळीच्या आठवड्याचा स्प्रिंट नमुन्यासाठी घेऊन पाहिला की हा फरक पाच मिनिटांत कळतो.

अहवालांच्या बाबतीत शब्दांच्या व्याख्या लेखी मागून घ्याव्यात. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये लीड टाइम वर्क आयटम तयार झाल्यापासून मोजला जातो आणि सायकल टाइम काम प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून. जिराच्या कंट्रोल चार्टमध्ये मात्र आपण बोर्डाचे कोणते कॉलम निवडतो त्यावर आकडा ठरतो. व्याख्या जुळल्याशिवाय दोन विभागांचे आलेख एका स्लाइडवर ठेवू नयेत.

खर्चाची तुलना केवळ दरडोई मासिक दरावर थांबवू नये. जिरा दहा वापरकर्त्यांपर्यंत विनामूल्य मिळते, अझ्युअर डेव्हऑप्समध्ये पहिले पाच बेसिक वापरकर्ते विनामूल्य असतात आणि नुसते काम पाहणाऱ्या किंवा मागणी नोंदवणाऱ्या ‘स्टेकहोल्डर’ना पैसे पडत नाहीत. व्यवसायाच्या बाजूची शंभर माणसे टूलमध्ये डोकावणार असतील तर या शेवटच्या मुद्द्याने सगळे गणित पालटते. जिराच्या क्लाउडवर जोडलेल्या अ‍ॅपचे लायसन्स सामान्यतः जिराच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी घ्यावे लागते. बारा जणांना लागणाऱ्या अ‍ॅपचे पैसे चारशे जणांचे भरावे लागतात. यात अ‍ॅडमिनचा पगार, प्रशिक्षण आणि जुना डेटा हलवण्याची किंमत मिळवून तीन वर्षांचा एकूण आकडा काढावा.

डेटा कुठे राहणार, हा प्रश्न बँका आणि वित्तसंस्थांसाठी काम करणाऱ्यांना टाळता येत नाही. आयटी सेवा बाहेरून घेण्याविषयी रिझर्व्ह बँकेने काढलेले निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत सेवा पुरवठादारापासून बाहेर पडण्याची योजना असणे अपेक्षित आहे. जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला, त्यामुळे ती अजून वापरणाऱ्यांनी नव्या टूलच्या तुलनेत आपले जुने टूल ‘आहे तसे चालेल’ असे धरू नये. स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायचे असेल तर अझ्युअर डेव्हऑप्स सर्व्हर, गिटलॅबची स्वतः चालवायची आवृत्ती, किंवा ओपनप्रोजेक्ट आणि रेडमाइन ही मुक्तस्रोत टूल विचारात घ्यावीत. रेडमाइन साधे आहे, पण पोर्टफोलिओच्या पातळीसाठी ते कमी पडते.

बाहेर पडण्याची चाचणी आत जाण्यापूर्वीच करावी. नमुन्याचे पन्नास वर्क आयटम कॉमेंट, अटॅचमेंट, लिंक आणि इतिहासासह एक्सपोर्ट करून दुसरीकडे उघडून पाहावेत. सीएसव्ही फाइलमध्ये ओळी येतात, पण अटॅचमेंट आणि बदलांचा इतिहास सहसा मागे राहतो. तो एपीआयमधून काढावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारी मराठीतून टिकेटमध्ये उतरवत असाल तर आणखी एक तपासणी करावी. एक्सपोर्ट केलेली युनिकोड फाइल एक्सेलमध्ये थेट दुहेरी क्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी अनेकदा अगम्य चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने एन्कोडिंगचा अंदाज चुकवलेला असतो. डेटा टॅबमधून यूटीएफ-८ निवडून फाइल आयात केली की अक्षरे नीट येतात. टूलच्या शोधपट्टीत ‘रक्कम’, ‘रकमेचा’ आणि ‘रकमेतून’ असे शब्द टाकूनही पाहावे. मराठीत सामान्यरूप बदलते आणि शोधयंत्राला ते ओळखू येईलच असे नाही.

यानंतर दोन टूल उरतील. त्यांची पायलट चाचणी एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन टीम्सवर, किमान तीन स्प्रिंट चालवावी. एकट्या टीमवर घेतलेल्या चाचणीत संस्थेच्या पातळीचे प्रश्न उघडे पडत नाहीत. चाचणीच्या काळात एकच वही ठेवावी आणि एखाद्याला तीच माहिती दोन ठिकाणी भरावी लागली, किंवा टूल सोडून एक्सेल, मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपकडे जावे लागले, की तारखेसह नोंद करावी. सेवा कंपन्यांनी ग्राहकाच्या टूलमध्ये भरलेली माहिती स्वतःच्या टूलमध्ये पुन्हा भरावी लागते का, हेही याच वहीत लिहावे. नोंदी डेव्हलपर आणि टेस्टरने कराव्यात, व्यवस्थापकाने नव्हे. तीन स्प्रिंटनंतर जिच्या नावावर कमी नोंदी असतील ती प्रणाली घ्यावी, स्थलांतर सुट्टीच्या आठवड्यात न करता इन्क्रिमेंटच्या सीमेवर करावे, चालू आणि उघडी कामेच नव्या टूलमध्ये न्यावीत आणि जुने टूल ऑडिटच्या गरजेनुसार ठरलेल्या तारखेपर्यंत केवळ वाचण्यासाठी उघडे ठेवावे.