चेन नीट जोडायला शिका: नव्या कॅम प्रोग्रॅमरसाठी

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान टूलरूममध्ये प्रोग्रॅमिंगला लागलो. चौथ्या महिन्यात माझ्या हातून एक प्लेट वाया गेली. तोवर मला वाटायचं की कॅम, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणं, हे कटर, स्पीड, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) आणि स्ट्रॅटेजी निवडण्यापुरतंच असतं. कटरने ज्या रेघांवरून फिरायचं त्या ओळीने जोडून निवडणं, म्हणजे चेन करणं, हे त्याआधीचं किरकोळ काम, दोन क्लिकचं.

१२ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून बारा लिव्हर कापायचे होते. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये, म्हणजे कॅडच्या रेघांच्या फाइलमध्ये, आलं होतं. मी विंडो टाकून (सगळ्यांभोवती चौकट ओढून) बाराही प्रोफाइल एकदम निवडले, १० मिमीचा एंडमिल कटर लावला, कॉन्टूर टूलपाथ (आउटलाइनवरून कटरची वाट) काढला आणि बॅकप्लॉट, म्हणजे त्या वाटेचं स्क्रीनवरचं चित्र, वरच्या व्ह्यूमधून भरभर पाहून प्रोग्रॅम मशीनवर पाठवला. सात लिव्हर नीट निघाले. आठव्याला कटर अर्ध्या बाजूने फिरला आणि लिव्हरच्या मधोमध सरळ घुसला.

मशीनवर जॉब लावणाऱ्या सेटर काकांनी फीड होल्ड (चाल थांबवणारं बटण) दाबला. रागावले नाहीत. माझ्या स्क्रीनपाशी येऊन एवढंच म्हणाले, "ही आउटलाइन किती तुकड्यांची आहे, मोज बरं." मी मोजले: दोन्ही टोकांचे अर्धे-अर्धे आर्क (वर्तुळाचे तुकडे), सरळ रेघा, कमरेचे आर्क, मिळून दहा. तोच लिव्हर सिलेक्ट केला तर आकडा आला अकरा. ड्रॉइंग काढणाऱ्याने अर्धा लिव्हर काढून मिरर केला होता आणि मिररची मधली रेघ तिथेच राहून गेली होती. अर्धी आउटलाइन आणि ती रेघ मिळून एक बंद आकार होत होता. सॉफ्टवेअरला तो आकार चालला, त्याने कसलीही सूचना दिली नाही.

इथेच मूळ गोष्ट आहे. आपल्याला स्क्रीनवर लिव्हर दिसतो, सॉफ्टवेअरला फक्त तुकडे आणि त्यांची टोकं दिसतात. चेन करताना ते एका तुकड्याच्या शेवटच्या बिंदूचे एक्स, वाय, झेड घेतं आणि ठरलेल्या टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) आत दुसऱ्या कुठल्या तुकड्याचं टोक आहे का ते शोधतं. सापडलं की पुढे जातं. एकाच बिंदूवर दोन वाटा फुटत असतील तर मास्टरकॅमसारखं कॅम सॉफ्टवेअर एकेक चेन करताना थांबून तुम्हाला वाट विचारतं. विंडोने घाऊक निवड केली की तो निर्णय तुमच्या हातात राहत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तरी प्रत्येक प्रोफाइल स्वतंत्र निवडा, वेळ लागला तरी चालेल.

चेन मध्येच तुटली तर ते चांगलं लक्षण समजा, चूक निदान समोर तरी आली. बहुतेक वेळा तिथे फट असते, ०.०१ मिमीची, कधी त्याहून कमी. झूम केल्याशिवाय ती दिसत नाही. नवीन माणूस अशा वेळी चेनिंगचा टॉलरन्स वाढवतो आणि चेन जुळते. मीही हे केलं आहे, आणि तुम्ही करू नका असं कळकळीने सांगतो. टॉलरन्स ०.१ केलात तर ०.०८ मिमीचा छोटा तुकडा वगळला जाऊ शकतो किंवा भलतंच टोक जोडलं जाऊ शकतं. फट आहे तिथे जाऊन दोन्ही रेघा त्यांच्या छेदबिंदूपर्यंत ट्रिम करा, किंवा आर्क टँजंट (रेघेला नुसता स्पर्श करणारा) घालून नव्याने काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

फट दिसत नसूनही चेन तुटत असेल तर आयसोमेट्रिक, म्हणजे तिरका, व्ह्यू लावा. एक रेघ झेड शून्यावर आणि शेजारचा आर्क झेड उणे ०.५ वर, हे मी कितीतरी फायलींत पाहिलं आहे. वरून दोन्ही जुळलेले दिसतात. याशिवाय रेघेवर रेघ असते. कॉपी-पेस्ट करताना तीच रेघ दोनदा पडलेली असते आणि चेन त्याच रेघेवरून मागे येते किंवा तिथेच अडकते. ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल कमांड आहे, कॅम सॉफ्टवेअरमध्येही डुप्लिकेट काढण्याची सोय असते. फाइल उघडल्या उघडल्या ती चालवा. त्याआधी एक माप मात्र ड्रॉइंगशी ताडून बघा. इंचातली फाइल मिलिमीटर समजून उघडली की सगळं २५.४ पटीने लहान होतं. मोठ्या प्लेटवर ते लगेच लक्षात येतं, छोट्या जॉबवर येईलच असं नाही.

स्प्लाइनबद्दल, म्हणजे मुक्त वळणाच्या रेघांबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण यावर कोणी फारसं बोलत नाही. लोगो, हँडल, कास्टिंगची आउटलाइन अशा आकारांत स्प्लाइन येतात. चेन छान जुळते, टूलपाथही सुंदर दिसतो, पण पोस्ट केल्यावर (मशीनच्या कोडमध्ये बदलल्यावर) तोच वळसा शेकडो छोट्या जी०१, म्हणजे सरळ चालीच्या, रेघांचा होतो. जुन्या कंट्रोलवर मशीन या रेघांवर अडखळत चालतं आणि जॉबच्या भिंतीवर बारीक पैलू उमटतात, हाताला लागतात. अशा वेळी टूलपाथमधला आर्क फिल्टर चालू करा, म्हणजे रेघांच्या जागी जी०२ आणि जी०३ हे आर्कचे कोड येतील. फिल्टरचा टॉलरन्स जॉबच्या टॉलरन्सपेक्षा बराच कमी ठेवा. शक्य असेल तर मूळ स्प्लाइनवर स्वतः आर्क बसवून नवी चेन बनवा. मला हाच मार्ग आवडतो, कारण त्या आकाराची मग नीट ओळख होते.

चेन पूर्ण झाली की तिला दिशा आणि सुरुवात असते. मास्टरकॅममध्ये सुरुवातीला हिरवा बाण आणि शेवटी लाल बाण दिसतो. उजव्या हाताचा कटर एम०३ ने (घड्याळाच्या दिशेने) फिरत असेल तर क्लाइंब मिलिंगसाठी (दात जाड चिपने सुरू होऊन पातळ चिपवर संपतो) कटर चालीच्या डाव्या हाताला हवा, म्हणजे डाव्या ऑफसेटचा कोड जी४१. त्यामुळे बाहेरची आउटलाइन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि आतला पॉकेट (खळगा) उलट दिशेने चेन करायचा. दिशा चुकली तर कटर रेघेच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि जॉब कटरच्या पूर्ण व्यासाएवढा आत खाल्ला जातो. सुरुवात कधीही कोपऱ्यात ठेवू नका. लांब सरळ रेघेच्या मध्ये ठेवा आणि कटर आर्कने टँजंट आत आणा, म्हणजे कटर शिरल्याचा डाग जवळजवळ राहत नाही.

फॅनक कंट्रोलवर दोन अलार्म या कामात हमखास भेटतात. जी४१ लागू करणारी चाल सरळ रेघेचीच लागते, आर्कवर लावलीत तर ०३४ येतो. म्हणून लीड-इनमध्ये (कटर आत आणण्याच्या चालीत) आधी छोटी सरळ रेघ आणि मग आर्क घ्या. आतल्या कोपऱ्याची त्रिज्या ऑफसेटपेक्षा (कटरच्या त्रिज्येपेक्षा) लहान असेल तर ०४१ येतो. पॉकेटचा कोपरा आर ५ (५ मिमी त्रिज्येचा) असेल तर १० मिमीचा कटर घेऊ नका. त्याचा मध्य कोपऱ्यात एका बिंदूवर थांबतो, कटर कंप पावतो आणि खूण राहते. ८ मिमीचा कटर घेतला तर मध्य १ मिमी त्रिज्येच्या आर्कवरून फिरतो आणि कोपरा साफ निघतो. ही गोष्ट कटर निवडताना नाही, चेन करतानाच लक्षात यायला हवी, तेव्हा प्रत्येक आर्कची त्रिज्या तपासून घ्या.

सॉलिड (त्रिमितीय) मॉडेल असेल तर रेघा काढायची गरज नसते, कडा थेट निवडता येतात. तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते. भिंतीला ड्राफ्ट (उतार) असेल तर वरची कड आणि खालची कड यांची मापं वेगळी असतात, फिनिशिंग कुठल्या कडेवर करायचं ते ड्रॉइंग बघून ठरवा. आणि मॉडेलची नवी आवृत्ती आली की सगळ्या चेन पुन्हा तपासा. कडा बदलल्या की चेन तुटते, किंवा शेजारच्या कडेला जाऊन चिकटते.

दुसरी प्लेट लावताना मी सेटअप शीटवर प्रत्येक प्रोफाइलपुढे तीन गोष्टी लिहिल्या: तुकडे किती, सुरुवात कुठे, दिशा कोणती. झेड ५० मिमी वर ठेवून बाराही लिव्हरवर ड्राय रन, म्हणजे न कापता फेरी, घेतला. आजही शीट हातात घेतल्यावर काका आधी तो आकडा बघतात आणि विचारतात, "दहाच ना?" मी हो म्हटलं की मगच सायकल स्टार्टवर बोट ठेवतात.