वादविवादाची कार्यशाळा घेताय? आधी एवढं बघून घ्या

पंधरा दिवस हातात असतील तर त्यातले पाच विषयावर घालवा. 'मोबाईल: शाप की वरदान' असला विषय लावलात की मुलं घरून पाठ करून आलीच म्हणून समजा. विषय नको, ठराव हवा. आमच्या गोव्यातलंच घ्या: 'मांडवीतले कॅसिनो' हा विषय झाला. 'मांडवीतले कॅसिनो पाच वर्षांत नदीबाहेर हलवावेत, असे या सभेचे मत आहे' हा ठराव. कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे आलं की भांडायला जागा मिळते. मग एका कागदावर मधोमध रेघ मारा आणि दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे स्वतः काढून बघा. एकीकडे चार आणि दुसरीकडे ओढूनताणून दीड निघाला तर ठराव बदला. पोरांना बोलणी बसतात ती बऱ्याचदा आपल्याच ठरावामुळे. आणि मराठी-कोकणीचा ठराव पहिल्या दिवशी मुळीच नको. १९८७च्या राजभाषा कायद्यात नेमकं काय आहे हे वर्गात फार थोड्यांना ठाऊक असतं, मत मात्र प्रत्येकाने घरून आणलेलं असतं.

आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोघांचा संघ, एक अनुकूल, एक प्रतिकूल, आणि दोघांची भाषणं महिनाभर घोटलेली. ते वक्तृत्वच, फक्त दोन तोंडांनी. खंडन शिकवायचं तर बाजू आयत्या वेळी द्यावी लागते.

माझा पहिला सराव ठरलेला आहे: गोव्याचा १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. निकाल आधीच माहीत असल्यामुळे जिंकायची घाई नसते, आणि दोन्हीकडे वजनदार मुद्दे आहेत. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला होता. ही गोष्ट कुणाच्या बाजूने वापरायची, यावरच अर्धा तास सहज जातो. आकडे आणि तारखा एका पानावर छापून सगळ्यांना द्या, नाहीतर वेळ मोबाईलमध्ये जाईल.

बाजू वाटताना चिठ्ठ्या टाकू नका. प्रत्येकाला हळूच विचारा, 'घरी काय बोलतात?' आणि नेमकी उलटी बाजू द्या. एकदा पेडण्याकडच्या एका मुलीला मी दोन पानं दिली. तिचे आजोबा त्या वेळी फुलासाठी सायकलवरून गावोगाव फिरलेले. आता ही तोंड फुगवून बसणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी वहीची तीन पानं भरून आली. सगळे मुद्दे आजोबांनीच सांगितलेले! विरुद्ध बाजू इतकी बारकाईने तिला दुसऱ्या कुणी सांगितली नसती, कारण ते पन्नास वर्षं तीच खोडत आले होते.

फळ्यावर लिहायला न्यायशास्त्रातली, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली, पाच पदं तयार ठेवा: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. हे मी सांगत असताना सत्तरी तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, चोर्ल्याच्या घाटात पावसात ते धुकं असतं." हेतू कच्चा कसा पकडायचा, हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही. त्याच शास्त्रातले वाद, जल्प आणि वितंडा हे तीन प्रकारही सांगा. वाद खरं काय ते शोधायला, जल्प जिंकायला. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची तोडायची. मुलं लगेच टीव्हीवरची नावं घ्यायला लागतात. घेऊ द्या, पण दोनच मिनिटं.

वेळेचं सांगतो. वादविवादाच्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत भाषण सात मिनिटांचं, तयारीला पंधरा मिनिटं. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात कुणी मध्ये बोलायचं नाही, मधल्या वेळात प्रतिपक्षाने उठून प्रश्न विचारायचा. नवख्यांना चार मिनिटं पुरे. प्रश्नाची सोय मात्र काढून टाकू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

तयारीच्या पंधरा मिनिटांत मुलं कोकणीत बोलतील, टिपणं इंग्रजीत काढतील. काढू द्या. भाषणात 'आयलो', 'गेल्लो' घुसलं तर तिथल्या तिथे टोकू नका. परीक्षकांनाही हे आधी सांगून ठेवा, आणि गुणांसोबत एक ओळ कारण लिहून द्यायला लावा. परीक्षक तीन असावेत.

बाकी किरकोळ. माईक आदल्या संध्याकाळी तपासा. घंटा स्वतःच्या पिशवीत ठेवा. ऐन वेळी स्टीलचा पेला आणि चमचा वाजवत मी एक आख्खी फेरी काढली आहे. पाहुण्यांना दहा मिनिटं आहेत हे पत्रातच लिहा. एका पाहुण्यांनी पंचावन्न मिनिटं घेतली, विषय होता 'मोजके बोला'. पातळभाजी-पाव अकराच्या आत. आणि वाळपईकडची शेवटची सोयीची बस किती वाजता ते विचारून मगच समारोपाची वेळ छापा.

कार्यशाळा संपल्यावरचं एक काम आधीच ठरवून ठेवा, नाहीतर ते राहतंच: ग्रामसभा. ज्यांची नावं मतदारयादीत आली आहेत त्यांनी आपापल्या गावच्या सभेला जायचं, रविवार मोडायचा. प्रश्न एकच, कचरा, रस्ता, डोंगरकापणी, काहीही. तो आदल्या आठवड्यात पंचायतीत लेखी देऊन पोच घ्यायची. उठल्यावर नाव आणि वाडा सांगायचा, 'सन्माननीय व्यासपीठ' वगैरे नको. बोलायचं कोकणीत, दोन मिनिटांत. मागून कुणीतरी "बस रे बाबा" म्हणणारच; तेव्हा त्याच्याकडे न बघता सरपंचांकडे बघायचं, याचा सराव वर्गात करून घ्या. मी मागच्या बाकावर बसून ओरडतो. आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचतील तेव्हा आपला प्रश्न त्यात आहे का, आणि कुठल्या शब्दांत, ते ऐकायला त्याच मुलाला परत पाठवा.