स्पीड टेस्ट १०० दाखवते, मग पान का रखडतं? ब्राउझरची जोडणी अशी तपासा

नागपूरच्या धरमपेठेतल्या घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टही तेवढाच आकडा दाखवते, तरी एखादी साइट उघडेस्तोवर चहा होतो. अशा वेळी प्लॅन वाढवायची घाई करू नका. मजकूर यायच्या आधी ब्राउझर आणि सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर) यांच्यात निरोपांच्या काही फेऱ्या होतात. एका फेरीला किती वेळ लागेल हे मुख्यतः अंतरावर ठरतं, एमबीपीएसवर नाही. सर्व्हर मुंबईत असेल तर फेरी काही मिलिसेकंदांत होते. अमेरिकेत असेल तर २०० मिलिसेकंद सहज जातात.

आधी तपासणी. कॉम्प्युटरवर क्रोम किंवा एज उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ निवडा आणि पान रीलोड करा. खाली फायलींची यादी येईल. तिच्या मथळ्याच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘प्रोटोकॉल’वर टिक करा.

आता तो रकाना वाचा. प्रोटोकॉल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची पद्धत. ‘एचटीटीपी/१.१’ ही १९९७ची पद्धत. यात ब्राउझर एका साइटशी साधारण ६ जोडण्या उघडतो आणि बाकीच्या फायली ताटकळतात. ‘एच२’ (२०१५) एकाच जोडणीतून सगळ्या फायली एकदम मागवते. ‘एच३’ (२०२२) टीसीपी ही जोडणी उघडायची जुनी पद्धत सोडून क्विक नावाच्या पद्धतीवर चालते.

खरा फरक फेऱ्यांचा आहे. टीसीपीची १ फेरी, जोडणी सुरक्षित करणाऱ्या टीएलएसच्या जुन्या १.२ आवृत्तीच्या २, मग मागणीची १, अशा ४ फेऱ्या. म्हणजे अमेरिकेतल्या सर्व्हरशी ८०० मिलिसेकंद. टीएलएस १.३ असेल तर ३ फेऱ्या. ‘एच३’मध्ये नव्या जोडणीलाही २ पुरतात, म्हणजे ४००. प्लॅन तोच, तार तीच!

‘एच२’ची एक खोड आहे. वाटेत एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवलं की त्या जोडणीतल्या सगळ्याच फायली थांबतात. ‘एच३’मध्ये फक्त ज्या फायलीचं पॅकेट हरवलं तीच थांबते. वायफाय कमजोर असेल तिथे हे जास्त जाणवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात तर राउटर आणि टेबल यांच्या मधोमध पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर उभा असतो, आणि पत्रा न् पाणी दोन्ही सिग्नल अडवतात. राउटरची जागा बदला, नाहीतर सरळ केबल लावा.

‘एच३’ दिसत नाही? पान पुन्हा एकदा रीलोड करा, कारण ही सोय आहे हे ब्राउझरला बरेचदा पहिल्या भेटीतच कळतं. ब्राउझर अपडेट करा. व्हीपीएन थोडा वेळ बंद करून पाहा. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात, त्यानंही जुनी पद्धत वापरली जाऊ शकते. ऑफिसच्या नेटवर्कवर यूडीपी (‘एच३’ ज्यावरून धावते ती वाट) अडवलेलं असेल तर मात्र ‘एच२’वर भागवावं लागेल. आणि रोज कॅश (ब्राउझरनं साठवलेल्या फायली) साफ करायची सवय सोडा. त्यानं आधी आलेल्या फायली पुन्हा मागवाव्या लागतात.

साइटच ‘१.१’वर अडली असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही. पण ती इतवारीतल्या तुमच्याच दुकानाची असेल, तर होस्टिंगवाल्याला ‘एच२’ सुरू करायला सांगा. त्यासाठी आधी साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर हवी, कारण ब्राउझर त्याशिवाय ‘एच२’ वापरत नाहीत. त्याला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं.