क्रूझ अर्धवट राहिली तर पैसे कसे मागायचे

बुकिंग एजन्सीत माझ्या टेबलावर क्रूझ संपल्यानंतरची कटकट यायची. बंदर वगळलं, इंजिन बिघडलं, बोट दोन दिवस उशिरा सुटली, पोटाच्या साथीमुळे केबिनमध्ये कोंडून राहावं लागलं, अशी एकेकाची पत्रं मी वाचायचे, नीट करून कंपनीकडे पाठवायचे आणि उत्तराच्या मागे लागायचे. रागाचं पत्र आणि हिशेबाचं पत्र यांत पैसे कुठल्या पत्राला मिळतात हे मला तिथे कळलं. "आमच्या सुट्टीचा सत्यानाश झाला, भरपाई द्या" या वाक्यावर क्रूझ कंपनीकडे छापील उत्तर तयार असतं. "पाचव्या दिवशीचं बंदर वगळलं, त्याचे पोर्ट चार्जेस अजून जमा झालेले नाहीत" म्हटलं की कुणाला तरी तुमची फाइल उघडावीच लागते. (पोर्ट चार्जेस म्हणजे बंदरात थांबण्यासाठी तिकिटासोबत घेतलेलं शुल्क.)

पण हिशेबाच्याही आधी कारण. सफर हवामानामुळे बिघडली की यंत्रामुळे, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. तिकिटामागच्या करारात, जो आपण वाचलाय म्हणून टिचकी मारतो पण वाचत नाही, कॅप्टनला मार्ग बदलायचा आणि बंदर वगळायचा हक्क दिलेला असतो. वादळामुळे बंदर चुकलं तर त्या बंदराचे चार्जेस आणि बोटीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे यापलीकडे कंपनी सहसा जात नाही. यंत्र बिघडलं तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'कार्निव्हल ट्रायम्फ' या बोटीच्या इंजिनरूमला आग लागली आणि चार हजारांहून जास्त माणसं विजेविना, तुंबलेल्या संडासांसह समुद्रात अडकली. त्याच वर्षी मे महिन्यात क्लिया या क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची यादी जाहीर केली. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या क्रूझसाठी ती आहे. यांत्रिक बिघाडामुळे सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे, मध्येच संपवली तर काही भाग, ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा घरच्या शहरापर्यंत प्रवासाची सोय, भलत्याच बंदरात रात्र काढावी लागली तर राहण्याची सोय. यातली पैशांची, प्रवासाची आणि राहण्याची कलमं 'यांत्रिक बिघाड' या दोन शब्दांवर टांगलेली आहेत. नुसतं एखादं बंदर वगळलं तर त्याबद्दल त्या यादीत काहीच नाही.

म्हणून बोटीवर असतानाच कारण कागदावर घ्या. लाउडस्पीकरवर कॅप्टन "तांत्रिक अडचण" म्हणतो आणि घरी आल्यावर येणाऱ्या ईमेलमध्ये तेच "ऑपरेशनल कारणांमुळे" होतं. असं झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय. घोषणा झाली की वेळ आणि शब्द फोनमध्ये टिपून ठेवा. केबिनच्या दाराखालून सरकवलेल्या पत्राचा फोटो काढा. रोजचा कार्यक्रमाचा कागद फेकू नका. कंपनीच्या ॲपमधल्या जुन्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण ॲप सुधारलं की जुनं वेळापत्रक गायब होतं. मग गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन लेटरहेडवर पत्र मागा. त्यात बोटीचं नाव, तारीख, काय बदललं आणि का, एवढंच हवं. विम्यासाठी लागतं म्हणून सांगा. ते खरंही आहे, आणि विम्यासाठी म्हटलं की पत्र लवकर मिळतं. शेवटच्या सकाळी त्या काउंटरवर भली मोठी रांग असते, म्हणून हे काम आदल्या दिवशीच उरका.

कारण हवामानाचं सांगितलं आणि त्याच दिवशी त्याच बंदरात दुसऱ्या बोटी लागलेल्या दिसल्या, तर जहाजांचा माग दाखवणाऱ्या साइटवरून त्याची नोंद काढून ठेवा. मात्र तेवढ्यावर उड्या मारू नका. उंच बोटीला वारा जास्त लागतो, आणि जिथे धक्का नसून छोट्या होड्यांतून उतरवतात तिथे थोड्या लाटांनीही काम थांबतं. शेजारची बोट लागली म्हणून तुमची लागू शकली असती असं सिद्ध होत नाही. उलट सलग दोन-तीन दिवस बोट नेहमीपेक्षा मंद चाललेली त्या नोंदीत दिसत असेल, तर प्रोपल्शनच्या, म्हणजे बोट पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेच्या, बिघाडाची शंका घ्यायला तो चांगला आधार आहे. तसा प्रश्न लेखी विचारा.

बोटीवर असतानाच बहुधा ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवरच खर्चायची रक्कम, देऊ करतात. ते परत मिळण्याजोगं आहे की नाही, एवढं विचारा. परत न मिळणारं क्रेडिट शेवटच्या रात्री संपतं, तेव्हा ते टिप्सच्या किंवा बारच्या बिलात वळवून घ्या. क्रेडिट घ्यायला हरकत नाही. पण त्याबरोबर सही करायला कागद पुढे केला आणि त्यात 'पूर्ण व अंतिम तडजोड' अशा अर्थाचं काही असेल, तर सही करू नका. उतरण्याआधी खात्याचं सविस्तर बिल काढून बघा. रद्द झालेल्या सहली आणि पोर्ट चार्जेस त्यात जमा दिसायला हवेत.

लॉबीत जमून घोषणा देणाऱ्या प्रवाशांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्यातून कुणाची फाइल पुढे सरकलेली मला दिसली नाही. त्यापेक्षा शेजारच्या केबिनवाल्यांचे ईमेल घ्या. कुणाला काय मिळालं हे नंतर कळतं, आणि तेच भांडणात सगळ्यात कामाला येतं.

आता हिशेब. वगळलेल्या बंदराचे चार्जेस आणि कर, बोटीकडून घेतलेल्या सहली, दिवस कमी झाले असतील तर पेयांच्या आणि इंटरनेटच्या पॅकेजचा तेवढा भाग, त्या दिवसांच्या आगाऊ भरलेल्या टिप्स, आणि मग भाड्याचा भाग. सात रात्रींच्या सफरीतला एक दिवस गेला तर मूळ भाड्याचा सातवा हिस्सा, इथून मी सुरुवात करायचे. कंपनी त्याच्या खाली येते, पण आकडा आधी आपण टाकलेला बरा. त्यानंतर पदरचा खर्च, म्हणजे हॉटेल, विमानाचं बदललेलं तिकीट, टॅक्सी. प्रत्येकाची पावती हवी. विमान क्रूझ कंपनीमार्फत घेतलं असेल तर पुढची सोय बहुधा तेच करतात, स्वतः घेतलं असेल तर वाद तुमच्याकडे येतो. बाहेरच्या कुणाकडून ठरवलेली सहल बुडाली तर क्रूझ कंपनी हात झटकते. तिथे सहलवाल्यालाच विचारा, बोट लागलीच नाही तर पैसे परत देणारे बरेच असतात.

आता कायदा. इथे लोक विमानाचे नियम क्रूझला लावतात आणि पहिल्याच उत्तरात आपटतात. युरोपियन युनियनचा ११७७/२०१० हा जलप्रवाशांचा नियम तिथल्या बंदरातून सुटणाऱ्या क्रूझला लागू आहे, पण उशिराबद्दल तिकिटाच्या टक्केवारीने मिळणारी भरपाई क्रूझच्या प्रवाशांना त्यातून वगळलेली आहे. मिळतं ते सुटायला उशीर झाला तर खाणंपिणं आणि गरज पडली तर राहणं. त्या राहण्याच्या खर्चाला कंपनी रात्री ८० युरो आणि जास्तीत जास्त तीन रात्री अशी मर्यादा घालू शकते, आणि धोकादायक हवामान सिद्ध केलं तर राहण्याची जबाबदारीही उरत नाही. त्याच नियमाप्रमाणे तक्रार दोन महिन्यांत करायची, कंपनीने एका महिन्यात ती मान्य, अमान्य की विचाराधीन हे कळवायचं आणि दोन महिन्यांत अंतिम उत्तर द्यायचं.

युरोपात क्रूझ घेतली असेल तर खरा आधार पॅकेज प्रवासाच्या २०१५/२३०२ या निर्देशाचा. ठरलेलं दिलं नाही तर किंमत कमी करून मागता येते, मग दोष कंपनीचा असो वा नसो. वादळाचं कारण सांगून त्यांना नुकसानभरपाई टाळता येते, किंमतकपात नाही. म्हणून पत्रात 'भरपाई' आणि 'किंमतकपात' या दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा. एकत्र लिहिल्या की कंपनी पहिलीला नकार देते आणि दुसरीबद्दल गप्प बसते. ब्रिटनमध्ये २०१८ चे पॅकेज प्रवासाचे नियम याच धर्तीचे आहेत.

अमेरिकेत चित्र कडक आहे. तिथल्या बंदरातून सुटणारी सफर रद्द झाली किंवा बोटीवर चढणं तीन किंवा अधिक दिवस लांबलं तर फेडरल मेरिटाइम कमिशन या सागरी वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या २०२२ पासूनच्या नियमांनी पैसे परत मागता येतात. त्याहून कमी बिघाड झाला तर तुमच्या तिकिटाचा करार बोलतो. दावा कुठल्या शहरात लावायचा हेही त्यातच लिहिलेलं असतं, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्निव्हलच्या तिकिटावरचं असं कलम वैध ठरवलं. वॉशिंग्टन राज्यातल्या प्रवाशांना फ्लोरिडात जावं लागणार होतं. दुखापतीच्या दाव्यासाठी करार सहा महिन्यांपेक्षा कमी नोटीस-मुदत आणि एका वर्षापेक्षा कमी दावा-मुदत ठेवू शकत नाही. पैशांच्या इतर तक्रारींना हे संरक्षण नाही, तेव्हा मुदतीचं कलम पहिल्याच आठवड्यात शोधून तारीख लिहून ठेवा.

मनस्तापाचे पैसे मिळतात का, असं प्रत्येक जण विचारायचा. ऑस्ट्रेलियात मिळालेत. १९८६ मध्ये 'मिखाइल लेरमोंतोव' ही बोट १४ दिवसांच्या सफरीत मध्येच बुडाली. १९९३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने एका प्रवासी बाईंना मनस्तापाची भरपाई मान्य केली, पण आठ दिवस सफर झाली होती म्हणून पूर्ण भाडं परत द्यायला नकार दिला. २०१३ च्या पुरात युरोपातली नदीवरची क्रूझ बहुतांशी बसमधून उरकली गेली, त्या प्रकरणातही २०२० मध्ये याच कोर्टाने निराशेची भरपाई मागता येते असं म्हटलं. माझ्या मते या निकालांतून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे पहिल्याची दुसरी बाजू. जे दिवस नीट गेले त्यांचे पैसे मागू नका. सगळंच परत मागणाऱ्या माणसाला कंपनी गंभीरपणे घेत नाही.

सामानाचं नुकसान झालं असेल तर ते वेगळं आणि घाईचं. समुद्रप्रवासी आणि त्यांच्या सामानाबद्दलचा आंतरराष्ट्रीय अथेन्स करार जिथे लागू आहे तिथे दिसणारं नुकसान सामान ताब्यात घेतानाच, केबिनमधल्या सामानाचं उतरण्याआधी किंवा उतरताना, आणि न दिसणारं १५ दिवसांत लेखी कळवावं लागतं.

पत्र एका पानाचं. बुकिंग एजंटमार्फत असेल तर आधी एजंटला, कारण रिफंड बहुधा त्याच वाटेने येतो. वर बुकिंग नंबर, बोट, तारखा. मग असं काहीतरी:

"अमुक तारखेला सकाळी नऊ वाजता कॅप्टनने डाव्या बाजूच्या प्रोपल्शनमध्ये बिघाड असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे पुढची दोन बंदरं वगळली. बोटीवर मिळालेलं पत्र जोडलं आहे. आमच्या मागण्या अशा: दोन्ही बंदरांचे चार्जेस, इतके. मूळ भाड्यातली कपात, इतकी. हॉटेल, पावतीप्रमाणे, इतके. बोटीवर मिळालेलं क्रेडिट वजा, इतकं. एकूण इतके. रक्कम मूळ कार्डावर जमा करावी, पुढच्या सफरीचं क्रेडिट आम्हाला नको. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित आहे."

जेवण गार होतं, शेजारी आरडाओरडा करत होते, हे इथे नको. ते एक वाक्य घातलं की उत्तर नेमकं त्याच वाक्याला येतं.

पहिलं उत्तर म्हणजे माफी आणि फ्यूचर क्रूझ क्रेडिट. ते नाकारताना विचारा की मागणीतल्या कुठल्या ओळीला कराराच्या कुठल्या कलमाने नकार आहे. दुसऱ्यांदा तसंच उत्तर आलं तर कंपनीच्या वरिष्ठ कार्यालयाला तोच पत्रव्यवहार जोडून पाठवा, नवीन काही लिहू नका. क्रेडिट मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. तुम्ही नाहीतरी पुन्हा जाणार असाल तर रोखीपेक्षा बराच मोठा आकडा क्रेडिटमध्ये मागा. कंपनीला ते स्वस्त पडतं म्हणून ती तिथे सैल होते. मुदत बुकिंगची आहे की सफरीची, सवलतीच्या भाड्यावर चालतं का, दुसऱ्याला देता येतं का, हे लेखी घ्या.

विम्याचा दावा याच वेळी लावा, कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. क्रूझचं कव्हर असेल तर चुकलेल्या बंदरामागे किंवा केबिनमध्ये बंद राहिलेल्या दिवसामागे ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसी असतात. तिथे ते लेटरहेडवरचं पत्रच लागतं. दुसरीकडून काय मिळालं हे दोन्हीकडे खरं सांगा.

चार्जबॅक, म्हणजे बँकेला सांगून कार्डावरून गेलेले पैसे परत खेचणं, हे जड हत्यार आहे. सफर झालीच नाही आणि कंपनी रिफंडबद्दल बोलतच नाही, तेव्हा काढा. व्हिसा आणि मास्टरकार्डची मुदत साधारण १२० दिवसांची, सेवा मिळायची होती त्या तारखेपासून मोजतात. ब्रिटनमधल्या क्रेडिट कार्डाला १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याचं कलम ७५ आहे, म्हणजे विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता येतं, १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीसाठी. एका चुकलेल्या बंदरासाठी चार्जबॅक केला तर तो बहुधा फेटाळला जातो, आणि कंपनी पुढचं बुकिंग नाकारू शकते.

पैसे आले की ते एका रकमेत येतील असं धरू नका. भाडं, कर आणि टिप्स वेगवेगळ्या तारखांना, कधी दोन कार्डांवर, सुटेसुटे जमा होतात. मधल्या काळात कार्ड बदललं असेल तर रिफंड बँकेत अडकून राहतो. बँकेकडे चौकशी करायची असेल तर कंपनीकडून त्या रिफंडचा संदर्भ क्रमांक मागून घ्या.