लिनक्ससाठी वेबकॅमचा ड्रायव्हर लिहायला शिकायचाय? मग आधी बाइट मोजा

पहिलं सांगतो, कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नका. आज दुकानात मिळणारे बहुतेक वेबकॅम यूव्हीसी म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लासवाले असतात आणि त्यांच्यासाठी लॉरेंट पिंचार्टने लिहिलेला यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमधे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहेच, तर तोच उघडा आणि वाचा.

कॅमेरा लावून एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड मायनस व्ही देऊन चालवा. इंटरफेसचा क्लास १४ दिसला की तो यूव्हीसी. खाली एकाच स्ट्रीमिंग इंटरफेसच्या पाच-दहा अल्टरनेट सेटिंग, म्हणजे पर्यायी मांडण्या, दिसतील, प्रत्येकीत पॅकेटची साइझ वेगळी, आणि इथेच सगळी मेख आहे.

हिशोब करून बघा. ६४० बाय ४८०, वाययूवायव्ही हा कंप्रेस न केलेला फॉरमॅट, पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे साधारण १ कोटी ८४ लाख बाइट. यूएसबी २ वर एक आयसोक्रोनस एंडपॉइंट, म्हणजे ठरावीक वेळेला डेटा नेणारी वाट, एका मायक्रोफ्रेममधे, म्हणजे सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात, जास्तीत जास्त ३०७२ बाइट नेतो आणि सेकंदात मायक्रोफ्रेम ८०००, म्हणजे २ कोटी ४५ लाखांच्या आसपास. एक कॅमेरा आरामात बसतो, पण दोन कॅमेऱ्यांनी एकाच बसवर पूर्ण जागा मागितली की दुसऱ्याला 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' मिळतं आणि माणूस बिचारा हार्डडिस्क तपासत बसतो! डिस्कचा काही संबंध नाही, बसवरची जागा संपलेली असते. बरेच कॅमेरे गरजेपेक्षा जास्त जागा मागतात, म्हणून यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हरला क्वर्क्स, म्हणजे कॅमेऱ्यांच्या खोडी सांभाळणारा, पॅरामीटर १२८ देता येतो, मग कंप्रेस न केलेल्या फॉरमॅटसाठी तो हिशोब स्वतः करतो. हा क्वर्क कोडमधे कुठे कुठे वापरलाय ते शोधा, माझ्या मते शिकायला याहून चांगली जागा नाही.

मग यूएसबीमॉन हा कर्नलमधला यूएसबीवर नजर ठेवणारा भाग आणि वायरशार्क हे पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर वापरून पॅकेट पकडा. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला हेडर असतो, पहिला बाइट हेडरची लांबी, दुसऱ्यात फ्लॅग. त्यातला सगळ्यात खालचा बिट दर फ्रेमला पलटतो आणि त्याच्या शेजारचा फ्रेम संपली असं सांगतो. फक्त त्या 'संपली' बिटवर भरवसा ठेवू नका, पॅकेट हरवलं की तोही गेला, पलटणारा बिट बघूनच नवी फ्रेम ओळखा आणि कमी बाइट आलेली फ्रेम एरर म्हणून पुढे द्या.

व्हीफोरएलटू, म्हणजे अ‍ॅप आणि कॅमेरा ड्रायव्हर यांच्यातला लिनक्सचा इंटरफेस, शिकायला हार्डवेअर लागत नाही, कर्नलमधला विविड नावाचा खोटा कॅमेरा पुरतो. आणि यूव्हीसी नसलेला जुना कॅमेरा घरी पडला असेल तर जीएसपीसीए या कर्नलमधल्या जुन्या वेबकॅमच्या ड्रायव्हर संचातले छोटे सबड्रायव्हर बघा, तसा एखादा स्वतः लिहिता येतो.

लिहायला लागलात की दोन गोष्टी सांभाळा. यूआरबी, म्हणजे यूएसबीला डेटा मागणारी विनंती, एक नाही, चार-पाच रांगेत ठेवा, नाहीतर एकाचं काम चालू असताना मधला डेटा जातो, आणि कंप्लीशन हँडलरमधे, म्हणजे विनंती पूर्ण झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधे, झोपायचं म्हणजे वाट बघत थांबायचं नाही, मेमरी न थांबता देणाऱ्या जीएफपी अ‍ॅटॉमिक फ्लॅगनेच घ्यायची. दुसरं म्हणजे डिस्कनेक्ट. केबल निघाली तरी अ‍ॅपने डिव्हाइस उघडा धरलेला असतो, तो बंद होण्याआधी ड्रायव्हरचं स्ट्रक्चर फ्री केलं तर कर्नल कोसळू शकतो. व्हिडिओ चालू ठेवा आणि केबल ओढा, परत लावा, परत ओढा, वीसेक वेळा, आणि दर वेळी डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाचा.