श्वानपथकाचा अहवाल कसा वाचावा: फौजदारी वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

‘श्वानास घटनास्थळावरील चपलेचा वास दिला असता ते शेताच्या बांधाने आरोपीच्या घरापर्यंत गेले व तेथे घुटमळले.’ फौजदारी कामं करायला लागलात की अशा अर्थाचं वाक्य दोषारोपपत्रात कधी ना कधी समोर येतंच. वर्तमानपत्रात ते आधीच छापून आलेलं असतं, गावात त्याची चर्चा होऊन गेलेली असते. नवा वकील हे वाचून दबून जातो. बचावाकडून असेल तर केस हातची गेली असं वाटतं, आणि सरकारी वकिलांकडे ज्युनिअर असेल तर आता बाकीचे साक्षीदार नावापुरतेच उरले असं वाटतं. मी सत्र न्यायालयात बहुतेक बचावाच्या बाजूने काम करते. असे अहवाल वाचताना आणि श्वान हस्तकांचा, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसांचा, उलटतपास घेताना जे हाती लागलं, ते इथे लिहिते आहे. न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

पोलिसांची कुत्री दोन अगदी वेगळी कामं करतात, आणि आपण दोन्ही एकाच तागडीत तोलतो. एक काम पदार्थ शोधण्याचं: स्फोटकं, गांजा, चरस. दुसरं माणसाचा माग काढण्याचं किंवा माणूस ओळखण्याचं. पहिल्या कामात कुत्रा बसला की आपण बॅग उघडतो. माल आहे की नाही ते पाच मिनिटांत कळतं. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत काम केलेला लॅब्रेडॉर ‘झंजीर’ आजही लोकांच्या लक्षात आहे. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स नोंदलं जातं. त्यानं दाखवलेलं आरडीएक्स पोलिसांनी डोळ्यांनी पाहिलं, हातांनी उचललं, प्रयोगशाळेत तपासलं. खटल्यात पुरावा म्हणून ते आरडीएक्स आलं, झंजीरचा इशारा त्याच्यापर्यंत नेणारी वाट होता.

मागाचं तसं नसतं. कुत्रा एका दारापाशी थांबला. आता उघडायचं काय? दाराआड रक्ताळलेली कुऱ्हाड सापडली तर प्रश्न मिटला, कारण मग पुरावा त्या कुऱ्हाडीचा. पण दाराआड फक्त एक माणूस सापडला तर कुत्र्याचं थांबणं हे थांबणंच राहतं. म्हणून अहवाल हातात आला की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: इशाऱ्यानंतर काय सापडलं? काहीच सापडलं नसेल तर तो अहवाल तपासाच्या डायरीत शोभतो, शिक्षेच्या निकालपत्रात शोभत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं हे फार पूर्वी सांगितलं, आणि तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. अब्दुल रझाक मुर्तझा दफादार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६९चा निकाल, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९७० मध्ये छापलेला. रेल्वेच्या घातपाताचं प्रकरण होतं. त्या निकालात तीन आक्षेप मांडले आहेत. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याचा उलटतपास होऊ शकत नाही, म्हणून हस्तकाची साक्ष ऐकीव ठरते. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये. आणि अशा पुराव्याचा परिणाम त्याच्या खऱ्या वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो. त्याआधी उत्तर आयर्लंडच्या न्यायालयानं माग काढणाऱ्या कुत्र्याची तुलना शास्त्रीय उपकरणाशी केली होती. आपल्या न्यायालयाला ती पटली नाही. रसायनं आणि रक्तपेशी निवड करत नाहीत. कुत्रा हुशार प्राणी आहे, तो निवड करतो, आणि जिथे विचार आला तिथे चूक आली, फसवणूक आली, स्वतःची फसगतसुद्धा आली, असं त्या निकालाचं म्हणणं. नव्या वकिलानं हा परिच्छेद मुळातून वाचावाच. त्या खटल्यातली शिक्षा कायम झाली, पण इतर पुराव्यांवर. कुत्र्याच्या मागाला फारसं वजन देता येत नाही, असंच न्यायालयानं म्हटलं.

पुढे गादे लक्ष्मी मंगराजू (२००१) या निकालात हस्तकाची चूक, वागण्याचा चुकीचा अर्थ आणि शास्त्रीय ज्ञानाची अपूर्णता या तिन्ही गोष्टी नोंदवून न्यायालयानं म्हटलं की तपास यंत्रणेला असे प्रयत्न करून पाहायला हरकत नाही, न्यायदानाला मात्र ते परवडत नाहीत. दिनेश बोरठाकूर विरुद्ध आसाम राज्य (२००८) मध्ये तर सरळच सांगितलं: तपासासाठी श्वानाची मदत घ्या, दोष सिद्ध करायला तिचा वापर नको. त्या खटल्यातला आरोपी सुटला. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यामुळे त्यानंतर सुरू झालेल्या कामांत अर्ज आणि युक्तिवाद लिहिताना जुनी कलमं टाकू नका. तज्ज्ञाच्या मताचं जुनं कलम ४५ आता ३९ आहे आणि तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा हे सांगणारं कलम ६० आता ५५ आहे. तत्त्व बदललेलं नाही.

निकाल पाठ असले तरी उलटतपासात त्यांचा उपयोग थोडाच. तिथे तपशील लागतो, आणि तो मिळवायचा तर कुत्रा कसा शिकतो हे माहीत हवं.

वकिलांसाठी ठेवलेलं एक प्रात्यक्षिक मी पाहिलं होतं. मैदानावर सारख्या दिसणाऱ्या लाकडी पेट्या एका ओळीत मांडल्या होत्या, एकीत नमुना. पहिल्या फेरीत हस्तकाला पेटी माहीत होती. कुत्री झपझप निघाली आणि बरोबर पेटीशी बसली. टाळ्या पडल्या. मी मात्र हस्तकाच्या हाताकडे पाहत होते. त्या पेटीच्या अलीकडे त्याचं पाऊल किंचित मंदावलं, पट्ट्याचा झोल कमी झाला, आणि कुत्रीनं बसण्याआधी एकदा मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या फेरीत प्रशिक्षकांनी त्याला पाठमोरं उभं करून नमुना हलवला. आता कुत्री दोनदा ओळीच्या शेवटापर्यंत जाऊन परत आली, एका रिकाम्या पेटीशी रेंगाळली, मग योग्य पेटीशी बसली. ती शोधू शकत होती, यात शंका नाही. पण पहिल्या फेरीत तिच्या नाकानं किती काम केलं आणि हस्तकाच्या पावलानं किती, हे पाहणाऱ्याला वेगळं करता येत नव्हतं. हस्तकाच्या मनात लबाडी नव्हती. त्याला स्वतःला पाऊल मंदावल्याचं जाणवलंही नव्हतं.

हे मोजून झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा हस्तक, एका चर्चमध्ये नेल्या. हस्तकांना सांगितलं की काही ठिकाणी वास लपवलाय, आणि काही खोल्यांत त्या जागेवर लाल कागदाची खूण आहे. खरं तर वास कुठेच नव्हता. एकूण १४४ फेऱ्या झाल्या. एकही इशारा न देता पार पडलेल्या फेऱ्या फक्त २१. चुकीचे इशारे २२५, आणि लाल कागदाच्या जागी त्यांची दाटी जास्त. ज्या खोल्यांत कुत्र्यांना भुलवायला सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते, तिथेही कुत्र्याच्या मोहापेक्षा माणसाचा समज भारी पडला.

आता आपल्याकडचं घटनास्थळ डोळ्यांसमोर आणा. प्रेत पहाटे दिसतं. पोलीस पाटील येतात, नातेवाईक येतात, अर्धा गाव गोळा होतो. श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचं, म्हणजे काही तास गेले. तोवर ऊन चढलं, वारा सुटला, वासावर पन्नास पावलं पडली. आणि संशय कोणावर आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं असतं, गाडीतून उतरणाऱ्या हस्तकालासुद्धा. त्यात खून घरातलाच असेल तर आणखी एक अडचण. नवऱ्याचा, दिराचा, शेजाऱ्याचा वास तिथे असणारच. कुत्रा दिरापाशी गेला तर त्यानं नाकाचं काम चोख केलं असेल. दीर त्या घरात राहतो, एवढंच त्यातून कळलं. सुरिंदर पाल जैन विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९९३) या खटल्यात पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या पतीला सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, तेव्हा श्वानाच्या दाखवण्यातून दिशाभूल करणारा संशयही निर्माण होऊ शकतो असं म्हटलं होतं.

एका खटल्यात हस्तकाच्या साक्षीत ‘श्वान आरोपीसमोर भुंकले’ असं सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, आलं. उलटतपासाला उठले तेव्हा माझ्याकडे निकालांची थप्पी होती, ती बाजूला ठेवली. विचारलं, प्रशिक्षणात तुमच्या श्वानाला शोध लागल्यावर काय करायला शिकवलं आहे? ‘बसायला.’ बसल्यावर तुम्ही काय देता? ‘चेंडू.’ त्या दिवशी तो बसला का? ‘नाही.’ चेंडू दिला का? ‘नाही.’ आरोपीच्या शेजारी कोण उभं होतं? दोन शिपाई आणि त्यांच्या मागे गर्दी. रोज ज्या खुणेवर बक्षीस मिळतं ती खूण त्या दिवशी झालीच नव्हती. नोंद झाली होती ती अनोळखी गर्दीत कुत्रा भुंकल्याची. हस्तक प्रामाणिक होता, विचारलं तेवढं त्यानं खरं सांगितलं. पण पंचनाम्यात ‘भुंकले’चं ‘ओळखले’ झालं होतं, आणि पंचनामा त्यानं लिहिलेला नव्हता.

म्हणून प्रश्न तयार करताना घुटमळणे, भुंकणे, हुंगणे आणि शिकवलेला इशारा या चार गोष्टी वेगळ्या काढा. वास कशाचा दिला? ती वस्तू कोणी उचलली, कशात ठेवली, मोहोरबंद होती का? हस्तकाला आरोपीचं नाव आधी माहीत होतं का? श्वानाच्या सरावाची नोंदवही मागवा, आणि त्यात नमुना न ठेवता घेतलेल्या रिकाम्या फेऱ्या आहेत का ते पाहा. फक्त यशाची नोंद असलेली वही काहीच सांगत नाही. पुष्कळदा हस्तकाला साक्षीला बोलावलेलंच नसतं, तपासी अंमलदारच कुत्र्याचं सगळं सांगून मोकळा होतो. तिथे हरकत तेव्हाच घ्या, युक्तिवादापर्यंत थांबू नका.

अमली पदार्थांच्या कामात आकडेमोड समजून घेणं भाग आहे. पोलंडमध्ये १६४ पोलिसी कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात (२०१४) ८७.७ टक्के इशारे बरोबर निघाले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या लोकपालांनी २००६मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या, स्टेशनांवरच्या कामाचा आढावा घेतला, तर इशाऱ्यानंतर झालेल्या झडत्यांपैकी २६ टक्क्यांतच माल मिळाला. दोन्ही आकडे खरे असू शकतात. समजा हजार प्रवाशांत दहा जणांकडे गांजा आहे. कुत्रा दहापैकी नऊ पकडतो आणि उरलेल्या ९९० जणांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकतो. म्हणजे नऊ बरोबर आणि सुमारे पन्नास चूक. एवढा चांगला कुत्रा असूनही त्यानं थांबवलेल्या सहांपैकी पाच जण निर्दोष. शिवाय त्याच पोलिश अभ्यासात माल उचलल्यानंतर ४८ तासांपर्यंत वास टिकलेला आढळला. बॅगेत कधीकाळी काही होतं, एवढंच कुत्रा सांगतो; कोणी ठेवलं ते सांगत नाही. त्यामुळे अशा खटल्यात सी. ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), नमुने घेण्याची पद्धत आणि झडतीची कायदेशीरता यांवरच लढायचं असतं.

परदेशात अशा पुराव्याची काय किंमत मोजावी लागली, तेही माहीत असावं. नेदरलँड्सच्या पोलिसांनी नळ्यांतून माणसाचा वास ओळखायला लावण्याची पद्धत बरीच वर्षं वापरली. हस्तकांना योग्य नळी कुठली ते आधीच ठाऊक असायचं, हे उघड झाल्यावर जुन्या खटल्यांवर प्रश्नचिन्ह लागलं आणि २०११मध्ये ती पद्धत बंद झाली. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयानं २०१०मध्ये केवळ अशा ओळखीवर शिक्षा टिकत नाही असं ठरवलं. फ्लोरिडात श्वान हस्तकाच्या साक्षीचा आधार घेऊन दोषी ठरलेला एक माणूस २२ वर्षं तुरुंगात काढून २००४मध्ये डीएनएमुळे सुटला.

सरकारी वकिलांकडे काम शिकणाऱ्यांना माझं सांगणं वेगळं नाही. श्वानपथकाचा अहवाल आला की तपासी अंमलदाराला त्याच दिवशी विचारा: कुत्रा ज्या वाटेनं गेला त्या वाटेवरचं सीसीटीव्ही घेतलं का, जिथे थांबला तिथली माती, कपडे, हत्यार मुंबईत कलिन्याच्या किंवा जवळच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत गेलं का, मोबाईलचं लोकेशन काढलं का. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७६(३)मध्ये आलं आहे. ही व्यवस्था तुमच्या जिल्ह्यात सुरू झाली असेल तर तज्ज्ञाचा आणि श्वानपथकाचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. दोघांच्या पोहोचण्याच्या वेळा ताडून पाहा, आणि कुत्र्याला दिलेली चप्पल आधी तज्ज्ञाच्या पाकिटात गेली होती की नंतर, तेही मुद्देमालाच्या पावतीवरून तपासून घ्या.