कॅनडाच्या पीआरचा खर्च मी असा बसवला

पीआरसाठी, म्हणजे कॅनडात कायम राहण्याच्या परवानगीसाठी, एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून अर्ज करायचं ठरलं, तेव्हा एकूण आकडा बघून छातीत धस्स झालं. मग खर्च तारखेप्रमाणे मांडला आणि गणित सुटलं.

सुरुवातीला फक्त आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि पदवीचं मूल्यांकन (आपली पदवी कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या तोडीची, याचा दाखला). मूल्यांकनाचा दाखला ५ वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून ते आधी उरकलं. आयईएलटीएसचा निकाल २ वर्षंच धरतात, म्हणून परीक्षा नंतर दिली. अर्ज करायचं निमंत्रण आलं की तो भरायला हातात ६० दिवस! अर्जाची फी, बायोमेट्रिक्स, पोलीस दाखले, भाषांतरं सगळं एकदम अंगावर येतं. तेवढी रक्कम आधीच बाजूला काढली. राइट ऑफ पर्मनंट रेसिडेन्सची (कायम राहण्याच्या हक्काची) फी मात्र नंतर भरता येते, शिवाय अर्ज नाकारला तर परत मिळते.

खरी काळजी सेटलमेंट फंडाची, म्हणजे तिथे गेल्यावर बस्तान बसवायला जवळ असायला हव्यात त्या पैशांची. हे पैसे द्यायचे नसतात, दाखवायचे असतात. पण उसने चालत नाहीत, आणि बँकेच्या पत्रात ६ महिन्यांची सरासरी शिल्लक लागते. म्हणून त्या खात्याला हातच लावला नाही, फी दुसऱ्या खात्यातून भरली. (कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासवाल्यांना, म्हणजे कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर अर्ज करणाऱ्यांना, फंड दाखवायची अट नाही.) किमान रक्कम कुटुंबातल्या माणसांवर ठरते आणि दरवर्षी बदलते, त्यामुळे मी थोडी जास्तच ठेवली.